खोगिरावरची पांढरी बुरशी पुसली तरी आठ दिवसांत परत येते? मग एकदा खोगीरभरती तपासा

पावसाळ्यात कपाट उघडावं तर खोगिरावर पांढरी साय धरलेली. ती पुसायची, उन्हाची तिरीप आली की खोगीर गॅलरीत टेकवायचं, तेल चोळायचं, परत आत ठेवायचं. आठव्या दिवशी साय पुन्हा तिथल्या तिथे. माझं सलग तीन पावसाळे हेच चाललं होतं. चौथ्या वर्षी कुठे थांबलं. त्या तीन वर्षांत काय काय चुकलं आणि शेवटी काय लागू पडलं ते सविस्तर लिहितोय, कारण चामड्याचं काम करणारे ओळखीचे चारजण जून-जुलैत नेमका हाच प्रश्न विचारतात आणि दर वेळी फोनवर अर्धा तास जातो.

माझ्याबद्दल थोडक्यात. नोकरी वागळे इस्टेटमध्ये, राहायला घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर. अरबी घोड्यांच्या व्यापारावरून घोडबंदर हे नाव पडलं असं म्हणतात. तिथेच राहून मी खोगिरं शिवतो, म्हणून ऑफिसात व्हायची तेवढी चेष्टा होऊन गेली आहे. सुरुवात म्होरकीपासून, म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवायच्या पट्ट्यांपासून केली, मग लगाम, मग रिकिबीच्या, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यांच्या वाद्या, आणि शेवटी एक जुना लाकडी सांगाडा हाती लागला त्यावर पहिलं खोगीर. चौदा महिने लागले. घोडा माझा नाही. कर्जतकडच्या एका तबेल्यात जाऊन बसतो तेवढंच. पण खोगीर घरीच ठेवतो, कारण तबेल्यातल्या उंदरांना तेल पाजलेली वादी शेंगदाण्याइतकीच आवडते. म्हणजे प्रश्न तबेल्याचा नव्हता, ठाण्यातल्या फ्लॅटचा होता. खाडी एका बाजूला, येऊरचा डोंगर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आम्ही. जुलैत घरातला पापड तळायच्या आधीच मऊ असतो.

आधी ते पांढरं काय आहे ते ठरवा

पहिली दोन वर्षं माझी मूळ चूक ही की चामड्यावर पांढरं दिसलं की ती बुरशीच, असं मी धरून चाललो. चामड्यावर निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी पांढऱ्या दिसतात आणि एकीचा उपाय दुसरीला केला तर बिघडतं.

बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते. जवळून पाहिलं, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, की बारीक लव दिसते. वास कुबट असतो, बंद माळ्यासारखा. चामड्याच्या गुळगुळीत बाजूपेक्षा उलट्या, रेशांच्या बाजूला ती आधी धरते, आणि शिवणीच्या खाचेत, बक्कलाच्या मागे, दोन पदर जिथे चिकटतात तिथे हमखास.

दुसरं पांढरं म्हणजे चामड्यातून वर आलेली चरबी. ही साय एकसारखी, मेणचट असते, बोटाने ओढली तर रेघ उठते. लव नाही, वास नाही. हेअर ड्रायर दहा-पंधरा सेकंद लांबून फिरवा. चरबी असेल तर डोळ्यांदेखत विरघळून आत जिरते किंवा तेलकट चमक उरते. बुरशी ड्रायरने विरघळत नाही, फक्त उडते, आणि उडालेली खोलीभर पसरते, म्हणून ही परीक्षा गॅलरीत करा. माझ्या लगामावर जानेवारीत एकदा अशी साय आली. जानेवारीत बुरशी कशी, म्हणून मी चक्रावलो. मग न्हाणीघरात खोबरेलाची बाटली दिसली, गोठलेली. खोबरेल चोविसेक अंशांच्या खाली गोठतं. मी वर्षभर वादीला खोबरेल पाजत होतो आणि थंडीच्या रात्री ते बाटलीत गोठावं तसं वादीतही गोठत होतं. यात चामड्याचा काही दोष नाही. कोमट फडक्याने पुसायचं आणि खोबरेल स्वयंपाकघरात परत ठेवायचं.

तिसरं पांढरं म्हणजे मीठ. तंग (खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा) आणि खोगिराची खालची बाजू, म्हणजे घोड्याचा घाम जिथे लागतो तिथे येतं. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा बराच खारट असतो. बोटाला खरखरीत लागतं, ड्रायरने काही होत नाही, पण पाण्याचा थेंब टाकला की लगेच नाहीसं होतं आणि वाळल्यावर कडेला पुन्हा उमटतं. उपाय सोपा आहे. घोड्यावरून उतरल्यावर लगेच ओल्या फडक्याने तंग पुसायचा, घरी येईपर्यंत थांबायचं नाही. मिठाकडे दुर्लक्ष मात्र करू नका. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणजे आज मीठ दिसलेल्या जागी पुढच्या महिन्यात बुरशी येणार हे धरून चाला.

बक्कलाभोवती आणि रिव्हेटभोवती जे हिरवं, मेणासारखं साठतं तीही बुरशी नाही. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं तसाच तो प्रकार, फक्त ताकाऐवजी चामड्यातली चरबी. दात कोरायच्या लाकडी काडीने खरवडून काढा आणि तिथे तेल कमी लावा.

या परीक्षा केल्या आणि माझ्या खोगिरावरचं पांढरं पक्कं बुरशी ठरलं. लव होती, वास होता, पावसाळ्यातच यायचं. मग पुढची चूक.

व्हिनेगरचा उद्योग

बुरशीवर व्हिनेगर लावा असं कुणीही सांगतं. मीही निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर करून सगळं खोगीर, वाद्यांसकट, पुसून काढलं. रात्री समाधानाने झोपलो. सकाळी डाव्या रिकिबीच्या वादीवर, बक्कलाच्या बरोबर खाली, निळसर काळा डाग. शाई सांडल्यासारखा. पुसला, जाईना. उलट ओल्या फडक्याबरोबर पुढे सरकला.

शाई सांडल्यासारखा म्हणालो ते उगाच नाही, ती शाईच होती. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून पूर्वी शाई करायचे ती याच हिशेबाने. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तोही यामुळेच. व्हिनेगरने लोखंड विरघळवून चामड्यात नेऊन सोडलं, एवढंच.

पण बक्कल तर पितळेचं होतं! निदान विकणाऱ्याने पितळेचं म्हणून दिलं होतं. फ्रिजवरचं चुंबक काढून लावलं तर टक्कन चिकटलं. आत लोखंड, वर मुलामा, आणि जिभेपाशी मुलामा घासून उडालेला. त्या दिवसापासून बक्कल घेताना खिशात चुंबक असतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलो तेव्हाही होतं, आणि दुकानदाराच्या चेहऱ्याकडे न बघता प्रत्येक बक्कलाला लावलं. स्टेनलेस स्टीलच्या काही जातींना चुंबक चिकटतं हे खरं, पण पितळ म्हणून दिलेल्या वस्तूला चिकटलं की विषय संपला.

डागावर लिंबाचा रस लावून तो फिका झाला, गेला नाही. शेवटी खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजवून त्याच पाण्याने दोन्ही वाद्या मुद्दाम काळ्या केल्या, वरून सोड्याच्या पाण्याचा हात मारून आंबटपणा मारला. आता लोक विचारतात, काळा रंग कुठला वापरलास? सांगत नाही.

आणि बुरशी? नवव्या दिवशी परत. व्हिनेगर, ऊन, तेल, कापूर, डांबराच्या गोळ्या, ओव्याचं फूल, सगळं झालं. कापूर आणि डांबराच्या गोळ्यांनी किडे जातात, बुरशीला त्याचं काही वाटत नाही. ओव्याच्या फुलाने ती थोडी दबली, पण कपाटातल्या सगळ्या कपड्यांना पोटदुखीच्या औषधाचा वास आला आणि घरात मला अल्टिमेटम मिळालं.

माथेरानचे मामा

माथेरानला घोडा चालवणारे एक मामा आहेत. मी त्यांच्याकडे आठ-दहा वर्षं जातोय, त्यांच्या म्होरक्या मीच शिवून देतो. माथेरानचा पाऊस म्हणजे ठाण्याने लाजावं असा, दोन-दोन दिवस ढग घरात. तरी मामांच्या सामानावर बुरशी नाही. मी विचारलं, काय लावता? ते म्हणाले, "काय लावनार दादा, घामच लागतो."

त्यांच्या घरात पाहिलं तर लगाम, म्होरक्या चुलीच्या वरच्या खुंट्यांना. त्यांचं खोगीर एका बाजूला दांडीवर, आणि खाली घालायचा नमदा आणि घोंगडी वेगळ्या दोरीवर, पसरून. मी माझ्या खोगिराची रड सांगितली. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, खालच्या गादीत अंगठा दाबला आणि नाकाशी नेलं. "वरून किती पुसाल दादा? ह्याच्या पोटात वल हाय."

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हे. मी तीन वर्षं वरचं कातडं पुसत होतो.

माझ्या खोगिराची खालची गादी मी सांगाड्याला कायमची शिवून टाकली होती. चारही बाजूंनी, इंचाला आठ टाके, दोन सुयांचे. त्या शिवणीचा मला भारी अभिमान होता. आत स्टेशनजवळच्या गादीवाल्याकडून आणलेला पिंजलेला कापूस ठासला होता आणि अस्तर म्हणून जाड सुती कापड, मैद्याच्या खळीने चिकटवलेलं. थोडक्यात, बुरशीला बिछाना, पांघरूण आणि जेवण, तिन्ही मीच दिलं होतं.

घरी येऊन आरीच्या टोकाने मागच्या बाजूचा पहिला टाका उचलला. दोरा ओढला तर तुटला, ओढावा लागलाच नाही म्हणा. सुती दोरा खाचेत काळा पडून कुजला होता, वरून मेण शाबूत. चार बोटं शिवण उसवली आणि अस्तर बाजूला केलं. खळीची रेघ जिथे जिथे होती तिथे तिथे हिरवट करडी बुरशी, अगदी ब्रशने काढल्यासारखी सरळ. कापसाचे गोळे झाले होते. मुठीत दाबले तर पाणी निघत नव्हतं, पण हात गार पडत होता. वास असा की मुलगी दुसऱ्या खोलीतून ओरडली, बाबा काय सडलंय?

वजन करा, अंदाज करू नका

हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि खर्च शून्य. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा बहुतेक घरांत असतो. गादी पूर्ण सोडवली आणि तोलली. २.३४ किलो. बेडरूममध्ये एसी ड्राय मोडवर ठेवून गादी कपडे वाळवायच्या स्टँडवर आडवी घातली. बेडरूममध्ये ती न्यायला परवानगी कशी मिळवली हा वेगळा विषय. बुरशी आधी गॅलरीत झटकून, अल्कोहोलने पुसून, वास मारूनच आत आणली. पहिल्या रात्रीनंतर २.२१. दुसऱ्या रात्रीनंतर २.१५. तिसऱ्या रात्रीनंतर २.१४. चौथ्या रात्रीनंतरही २.१४. वजन उतरायचं थांबलं की वाळलं, त्याआधी हाताला कितीही कोरडं लागो.

म्हणजे दोनशे ग्रॅम पाणी. एक ग्लास. वरून पुसलेलं चामडं गॅलरीत तासाभरात कोरडं व्हायचं आणि आतला तो ग्लास पुढचे आठ दिवस त्याला सावकाश परत ओलं करायचा. आठ दिवसांचा हिशेब तिथे लागला.

बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या मी आधी कपाटात टाकायचो त्याचंही गणित तेव्हाच केलं. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश पाणी घेतं. पाच ग्रॅमची पुडी, फार तर दीड ग्रॅम पाणी. दोनशे ग्रॅमसाठी दीडशेच्या आसपास पुड्या लागतील. मी चार टाकायचो.

गादीचं काय केलं

कापूस फेकला. त्याजागी लोकर भरली. इथे एक गैरसमज काढून टाकतो. लोकर कापसापेक्षा जास्त ओल धरते, कमी नाही. लोकर घेतली ती ओल टाळायला नव्हे, तर ती दाबली तरी परत फुगते, गोळे होत नाहीत, आणि घोड्याच्या पाठीला टोचणारा गठ्ठा बनत नाही म्हणून. सिंथेटिक फायबर ओल जवळजवळ घेतच नाही, पण एका हंगामात त्याचे लिंबाएवढे गोळे झालेले मी दुसऱ्याच्या खोगिरात पाहिलेत. घोड्याच्या पाठीपेक्षा बुरशी परवडली.

खरा बदल वेगळाच होता. गादी आता शिवलेली नाही, बांधलेली आहे. पुढे आणि मागे चामड्याच्या बारीक दोरीने ओवलेली, भोकं रिव्हेट न लावता पंचने पाडून. दहा मिनिटांत सुटते, पंधरा मिनिटांत बसते. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला सोडवतो, तोलतो, शंभर ग्रॅम वाढलं असेल तर एसीखाली. मामांची घोंगडी वेगळ्या दोरीवर असते, तीच युक्ती, फक्त मला ती कळायला तीन वर्षं आणि एक शिवण खर्ची पडली.

अस्तर सुती कापडाऐवजी पातळ बकरीच्या चामड्याचं केलं. खळ बंद. चिकटवायला चप्पलवाले वापरतात ते रबराचं सोल्यूशन, तेही फक्त शिवेपर्यंत धरून ठेवण्यापुरतं कडेला. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात म्हणजे ती बुरशीत नाही, हे मला माहीत आहे. पण मोरचूद विषारी आणि ही वस्तू घामेजल्या अंगाला घासणारी, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. दोरा आता मेण लावलेला पॉलिएस्टर. लिननचा दोरा दिसायला सुंदर, शिवायला त्याहून सुंदर, आणि ठाण्यात दोन पावसाळ्यांचा सोबती.

आलेली बुरशी काढायची कशी

गॅलरीत किंवा गच्चीवर, नाकाला मास्क लावून. दमा असेल तर दुसऱ्याला सांगा. कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडायची, ब्रश घराकडे नव्हे तर बाहेरच्या दिशेने. मग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं, फडक्यावर घेऊन पुसायचं. फडकं ओलसर हवं, निथळणारं नको, आणि प्रत्येक दोन हातांनी फडक्याची बाजू बदलायची, नाहीतर इथली बुरशी तिथे नेऊन लावता. रंगवलेलं चामडं असेल तर आधी वादीच्या टोकाच्या आतल्या बाजूला लावून बघा, रंग सुटू शकतो. आणि हे करताना देवघरातला दिवा, गॅस वगैरे जवळपास नको.

पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. पावसाळ्यातलं मधलं ऊन कडक असतं, ओलं चामडं त्यात तापलं की आखडतं आणि मग तेल लावूनही पूर्वीसारखं मऊ होत नाही. माझ्या पहिल्या म्होरकीचा नाकपट्टा असाच पुठ्ठ्यासारखा झाला, अजून खिळ्याला लटकतोय.

घरातलं ब्लीच, फिनाईल लावू नका. ग्लिसरीनचा सॅडल सोप चांगला असतो, पण पावसाळ्यात हात आखडता घ्या, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. डिसेंबरात हवा तितका लावा.

पुसून झालं की बसण्याआधी शिवण तपासा. हे टाळू नका. तंगाच्या वाद्या आणि रिकिबीच्या वाद्या, या चार ठिकाणी टाका तुटला तर माणूस खाली येतो. आरीचं बोथट टोक टाक्याखाली घालून हलकं उचला. दोरा ताठ राहिला तर ठीक, पिसासारखा तुटला तर ती शिवण पूर्ण काढून पुन्हा घाला, मधलेच दोन टाके भरू नका. वादी गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून बोटावर दुमडा. बारीक भेगा आल्या तर ती वादी शोभेला.

ठेवायची जागा

तीनचारशे रुपयांत तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं. ते कपाटात ठेवा, हॉलमध्ये नाही. आकडा सतत ७० च्या वर असेल तर बुरशी येणारच, तुम्ही काहीही चोळा. माझं लोखंडी कपाट पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकून होतं. पाऊस त्याच भिंतीवर झोडपतो. कपाट अर्धा फूट पुढे ओढलं, तेवढ्यानेच आतला आकडा ८८ वरून ८१ वर आला. पुरेसा नाही, पण फुकट आहे.

मामांच्या चुलीचं रहस्यही या घड्याळाने उलगडतं. २८ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३३ अंशांपर्यंत गरम केली, पाणी एक थेंबही न काढता, तर आकडा ६८ च्या आसपास येतो. गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढते म्हणून. पूर्वी कपाटात बारका बल्ब लावून ठेवायचे ते याचसाठी. मी बल्ब लावत नाही, कारण लोकर, तेलकट चामडं आणि बल्ब एका बंद कपाटात ठेवून ऑफिसला जाण्याचा मला धीर नाही.

माझी व्यवस्था अशी. खोगीर उघड्या स्टँडवर, झोपायच्या खोलीत, जिथे रात्री एसी चालतो. होय, शेवटी तिथेच आलं. लगाम, म्होरक्या, वाद्या हवाबंद झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत एक किलो सिलिका जेल सुती पिशवीत. नारिंगी दाण्यांचं घ्या, ओल भरली की हिरवं होतं, मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास, की पुन्हा नारिंगी. डब्यात घालण्याआधी वस्तू पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर आतलीच ओल कोंडून ठेवाल. प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिकाशिवाय, गुंडाळून ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. बाजारात पाणी शोषणारे डबे मिळतात, ज्यात खाली पाणी साठतं, ते चामड्याशेजारी ठेवू नका. ते पाणी म्हणजे तीव्र खारवण. एकदा कलंडला की जिथे सांडेल तिथलं चामडं आखडतं आणि कायम ओलसर राहतं.

नवं चामडं आणायचं तर धारावीला फेरी नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच मारतो. जुलैत आणलेला म्हशीच्या चामड्याचा गुंडाळा ट्रेनमधून येईपर्यंतच ओल पितो, आणि वनस्पतींनी कमावलेलं कोरं चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्यापेक्षा बुरशीला जास्त आवडतं. आणलंच तर गुंडाळून नाही, दांडीवर लटकवून.

तेलाबद्दल एवढंच की पावसाळ्याच्या तोंडावर भरपूर तेल पाजायची जी रीत आहे ती मी सोडली. मेमध्ये एकदा, पातळ हाताने, उलट्या बाजूने, आणि दुसऱ्या दिवशी जे जिरलं नाही ते पुसून टाकायचं. आजोबा कोल्हापुरीला एरंडेल लावायचे, मीही वाद्यांना तेच लावतो, खोबरेलासारखं ते थंडीत गोठत नाही. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं खायचं तेल खवट होऊन चिकटतं. जवसाचं तर हवेवर सुकून कडक पापुद्रा धरतं, ते बॅटला ठीक.

यंदा जूनमध्ये गादी २.१६ भरली होती, काल २.२३. लव कुठेच नाही. अपवाद एकच, उजव्या रिकिबीची वादी जिथे सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवरून वळते तिथे. ती जागा गादी काढली तरी दिसत नाही, वादी पूर्ण ओढून काढावी लागते, आणि तिथे दर महिन्याला दोन-तीन ठिपके असतात. डावीकडे नाहीत. पट्टीवर गंज आहे का ते बघायला या रविवारी वादी काढणार आहे.